ब्युप्रेनॉर्फिन लिहायला सुरुवात कशी करावी: अमेरिकेत नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी

२०१९ साली रेसिडेन्सी संपवून मी दक्षिण ओहायोतल्या एका छोट्या गावात इंटर्निस्ट म्हणून रुजू झाले. आपल्याकडून आलेल्या बऱ्याच डॉक्टरांची वाट अशीच असते. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी करायची, आणि दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं. ओहायो, केंटकी, वेस्ट व्हर्जिनियातली अशी गावं म्हणजे वेदनाशामक गोळ्या, मग हेरॉइन आणि मग फेंटानिल या तिन्ही लाटांत भरडली गेलेली गावं. २०२२ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली आणि त्यातल्या बहुतेक मृत्यूंत ओपिऑइड, म्हणजे याच प्रकारचं, अफूसारखा परिणाम करणारं द्रव्य होतं. मधुमेह आणि रक्तदाब बघायला गेलेल्या डॉक्टरसमोर पहिल्याच आठवड्यात असा पेशंट येऊन बसतो. माझ्यासमोरही बसला. मी त्याला चाळीस मैलांवरच्या क्लिनिकचा पत्ता दिला. तो तिथे कधीच पोचला नाही.

पत्ता देण्याऐवजी त्याच दिवशी ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावरचं, तलफ आवरणारं औषध कसं सुरू करायचं हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. ते इथे लिहिते आहे. ज्यांच्याकडे राज्याचं लायसन्स आहे, किंवा लवकरच मिळणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

१. डोक्यातला जुना कायदा काढून टाका

ब्युप्रेनॉर्फिनसाठी खास परवानगी लागते, असं तुम्हाला एखादा सीनियर अजूनही सांगेल. पूर्वी लागायची. १९१४ चा हॅरिसन कायदा आणि त्यानंतरचे कोर्टाचे निकाल यांमुळे, व्यसनाधीन माणसाला त्याचं व्यसन सांभाळण्यासाठी ओपिऑइड लिहिणं हा डॉक्टरचा गुन्हा ठरला होता. त्या धाकात कित्येक दशकं गेली. २००० सालच्या कायद्याने दार किलकिलं केलं, पण अटी घालून: आठ तासांचं प्रशिक्षण, ‘एक्स’ अक्षराने सुरू होणारा वेगळा नंबर आणि पहिल्या वर्षी फक्त ३० पेशंट. मीसुद्धा ती परवानगी, म्हणजे तो एक्स-वेव्हर, घेतला होता.

२९ डिसेंबर २०२२ ला सही झालेल्या कायद्याने हे सगळं मोडीत काढलं. आता एक्स नंबर नाही आणि पेशंटच्या संख्येवर मर्यादाही नाही. शेड्यूल तीनची (नियंत्रित औषधांच्या ज्या वर्गात ब्युप्रेनॉर्फिन येतं त्याची) औषधं लिहिण्याची मुभा असलेला तुमचा नेहमीचा डीईए नंबर, म्हणजे नियंत्रित औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचा नोंदणी क्रमांक, पुरतो. राज्याच्या स्वतःच्या काही अटी असू शकतात, म्हणून तुमच्या मेडिकल बोर्डाची वेबसाइट एकदा नीट वाचा. केंद्राच्या पातळीवर मात्र रस्ता मोकळा आहे.

फ्रान्सने १९९५ मध्येच हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिलं होतं, कुठल्याही खास परवान्याशिवाय. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू जवळजवळ ८० टक्क्यांनी घटले. ‘हे आपलं काम नाही, स्पेशालिस्टचं आहे’ असं वाटू लागलं की मी हा आकडा आठवते.

२. आठ तासांचं प्रशिक्षण पूर्ण करा

वेव्हर गेला, पण त्याच कायद्यात दुसरी अट आली. २७ जून २०२३ नंतर डीईएची पहिली नोंदणी किंवा पहिलं नूतनीकरण करताना एका चौकटीत खूण करावी लागते: व्यसनविकारांच्या उपचाराबद्दल मी किमान आठ तासांचं प्रशिक्षण घेतलं आहे. हे आयुष्यात एकदाच. पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा आठ तास बसावं लागत नाही.

आठ तास एका बैठकीत करावे लागत नाहीत. दोन तास आज, तीन पुढच्या महिन्यात, असं चालतं. ऑनलाइन चालतं. पूर्वी केलेलं प्रशिक्षणही धरतात, अगदी जुन्या एक्स-वेव्हरसाठी केलेलं सुद्धा. अमेरिकन सोसायटी ऑफ अॅडिक्शन मेडिसिन, अमेरिकन मेडिकल असोसिएशन यांचे कोर्स आहेत. सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रोव्हायडर्स क्लिनिकल सपोर्ट सिस्टिमचे कोर्स फुकट आहेत आणि चांगले आहेत. पैसे भरण्याआधी ते बघा.

आपल्या लोकांची फसगत होते ती इथे. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजातून गेल्या पाच वर्षांत पदवी घेतलेल्यांना, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात हे आठ तास असतील तर, वेगळं प्रशिक्षण लागत नाही. बरोबरचा अमेरिकन सहकारी सहज सांगून जातो, ‘आम्हाला लागत नाही.’ पुण्याच्या बी.जे. किंवा मुंबईच्या जी.एस.-केईएममधून एमबीबीएस झालेल्याला ही सूट नाही. चौकटीतली खूण हे केंद्र सरकारपुढे दिलेलं लेखी वचन असतं, म्हणून कोर्स केल्याशिवाय ती करू नका. सर्टिफिकेट अपलोड करायला सांगत नाहीत, म्हणून ते जपून ठेवणं जास्तच महत्त्वाचं. मी माझी एका फोल्डरमध्ये ठेवते आणि त्याची एक प्रत स्वतःलाच ईमेल करून ठेवली आहे.

३. डीईए नोंदणी आणि ई-प्रिस्क्रिप्शन

क्रम महत्त्वाचा आहे. आधी राज्याचं मेडिकल लायसन्स. इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी अशा काही राज्यांत त्यानंतर राज्याची स्वतंत्र नियंत्रित औषध नोंदणी लागते. डीईए त्यानंतर. जवळ काय हवं:

- राज्याच्या लायसन्सचा नंबर, आणि लागत असेल तिथे राज्याच्या औषध नोंदणीचा नंबर
- सोशल सिक्युरिटी नंबर
- जिथे प्रॅक्टिस करणार त्या जागेचा पत्ता, घराचा नव्हे
- आठ तासांची सर्टिफिकेटं
- क्रेडिट कार्ड. फी ८८८ डॉलर, तीन वर्षांसाठी. मालक संस्था भरते का, हे करारात आधी पाहा.

फॉर्म २२४ ऑनलाइन भरायला अर्धा तास पुरतो. रेसिडेन्सीत तुम्ही हॉस्पिटलच्या डीईए नंबरवर लिहीत असता. तो नंबर हॉस्पिटल सोडताच तुमचा राहत नाही. नोंदणी राज्यापुरतीच असते, राज्य बदललं की तीही बदलावी लागते.

डीईए नंबर मिळाल्यानंतरही एक टप्पा उरतो, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही: नियंत्रित औषधांचं ई-प्रिस्क्रिप्शन. त्यासाठी ओळख पडताळून फोनवरचं अॅप किंवा टोकन घ्यावं लागतं. ही पडताळणी पुष्कळदा क्रेडिट हिस्टरीवरच्या प्रश्नांतून होते आणि नवख्या माणसाची क्रेडिट हिस्टरी तुटपुंजी असते. माझी पडताळणी दोनदा फसली. शेवटी आयटी विभागात पासपोर्ट घेऊन समक्ष जावं लागलं. पहिला पेशंट समोर बसलेला असताना हे कळू नये म्हणून रुजू होण्याच्या आठवड्यातच करून घ्या. राज्याच्या पीडीएमपीवरही, म्हणजे कुणाला कुठलं नियंत्रित औषध कधी मिळालं याच्या राज्यस्तरीय नोंदवहीवरही, त्याच वेळी खातं उघडा.

आणि हे विसरू नका: ‘डीईएतून बोलतोय, तुमचा नंबर गुन्ह्यात वापरला गेलाय, पैसे भरा नाहीतर अटक’ असे फोन डॉक्टरांना येतात. ते भामटे असतात. डीईए फोनवर पैसे मागत नाही. व्हिसावर असलेला माणूस अशा वेळी लवकर घाबरतो, म्हणून घरच्यांनाही सांगून ठेवा.

४. तीन औषधं, तीन वाटा

मेथाडोन व्यसनाच्या उपचारासाठी तुम्ही फार्मसीला लिहून देऊ शकत नाही. ते फक्त नोंदणीकृत मेथाडोन क्लिनिकमधून मिळतं. दुसऱ्या आजारासाठी ॲडमिट असलेल्या पेशंटला वॉर्डात मात्र देता येतं. नॅलट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं महिन्याचं इंजेक्शन नियंत्रित औषधच नाही, कुणीही लिहू शकतं. पण आधी सात ते दहा दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं, आणि फेंटानिल घेणाऱ्याला तेवढे दिवस काढणं फार अवघड जातं. म्हणून क्लिनिकमध्ये बसलेल्या आपल्यासारख्यांचं रोजचं औषध ब्युप्रेनॉर्फिन. बहुतेक वेळा नॅलॉक्सोनबरोबर (हे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध), जिभेखाली ठेवायच्या पट्टीच्या किंवा गोळीच्या रूपात. त्यातलं नॅलॉक्सोन जिभेखालून फारसं शोषलं जात नाही. कुणी ते विरघळवून शिरेत घेऊ नये म्हणून ते घातलेलं असतं.

५. निदान पक्कं करा, पण पेशंटला अडवून ठेवू नका

मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका डीएसएम-५ मध्ये ११ निकष आहेत. बारा महिन्यांत दोन किंवा जास्त जुळले तर निदान होतं, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या माणसात टॉलरन्स (सवयीने जास्त मात्रा लागणं) आणि विड्रॉवल (औषध थांबल्यावर होणारा त्रास) हे दोन निकष मोजायचे नाहीत.

गर्भधारणेची चाचणी, लिव्हर फंक्शन, हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही हे सगळं पाठवा, पण रिपोर्टसाठी औषध थांबवू नका. लघवीच्या साध्या ओपिएट चाचणीत फेंटानिल दिसत नाही आणि ब्युप्रेनॉर्फिनही दिसत नाही. दोन्ही वेगळं मागवावं लागतं. ‘निगेटिव्ह आलं म्हणजे पेशंट खोटं बोलतोय’ हा निष्कर्ष मी एका सहकाऱ्याला काढताना पाहिला आहे. पेशंट खरं बोलत होता. पीडीएमपी बघा, पण मेथाडोन क्लिनिकमधलं मेथाडोन तिथे साधारणपणे दिसत नाही. ते पेशंटला थेट विचारा, कारण पहिल्या डोसची वेळ त्यावर ठरते.

पेशंट झोपेच्या किंवा घबराटीच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या घेत असेल तर धोका वाढतो हे खरं. तरी तेवढ्या कारणाने ब्युप्रेनॉर्फिन नाकारू नका, असं अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे. काउन्सेलिंग जरूर सुचवा. ते मिळालं नाही किंवा पेशंटने नको म्हटलं, म्हणून औषध अडवू नका.

६. पहिला डोस

इथे घाई करू नका. लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच जागं करतं. त्यामुळे ठरावीक मर्यादेपुढे श्वास मंदावत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण शरीरात हेरॉइन किंवा फेंटानिल भरलेलं असताना ते दिलं, तर ते आधीच्या औषधाला ढकलून जागा घेतं आणि पेशंट क्षणात विड्रॉवलमध्ये जातो. मुंबई-पुण्यात गर्द ओढणारे ज्याला टर्की म्हणतात, तीच, पण एरवी दोन दिवसांत चढत जाणारी टर्की अर्ध्या-पाऊण तासात अंगावर कोसळते.

म्हणून पेशंटला आधीच थोडी टर्की लागलेली असायला हवी. हेरॉइन किंवा साध्या गोळ्यांनंतर निदान १२ तास, फेंटानिलनंतर २४ तास किंवा जास्त, मेथाडोननंतर ३६ ते ७२ तास. हे आकडे अंदाजासाठी आहेत. निर्णय घ्यायचा तो पेशंटकडे बघून. क्लिनिकल ओपिएट विड्रॉवल स्केल, ज्याला सगळे नुसतं ‘काऊज’ म्हणतात, त्यात अकरा गोष्टी मोजतात: नाडी, घाम, अस्वस्थपणा, बाहुल्यांचा आकार, हाडं-सांधे दुखणं, नाक-डोळे गळणं, पोट, थरथर, जांभया, घबराट, अंगावर काटा. साध्या ओपिऑइडला आठ ते बारा गुण पुरतात. फेंटानिल असेल तर मी तेराच्या वर जाईपर्यंत थांबते.

मी हे एका चुकीतून शिकले. चाळिशीतला एक माणूस, छपरं शाकारायचं काम करणारा, पाठीच्या दुखापतीनंतर गोळ्या आणि पुढे फेंटानिल. ‘बारा तास झाले’ म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. बाहुल्या बारीक होत्या, नाडी ७८, काऊज जेमतेम सहा. मी आठ मिलिग्रॅम दिलं. चाळीस मिनिटांत तो माझ्या तपासणीच्या खोलीत जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन उलट्या करत होता. त्याहून मोठी चूक पुढे झाली: मी घाबरून औषध थांबवलं. अशा वेळी उलट आणखी ब्युप्रेनॉर्फिन द्यायचं असतं, म्हणजे रिसेप्टर भरतात आणि त्रास ओसरतो. सोबत क्लोनिडिन, ऑन्डॅन्सेट्रॉन, लोपेरामाइड. तो तीन आठवड्यांनी परत आला. त्या तीन आठवड्यांत फेंटानिलने त्याचा जीव गेला नाही हे त्याचं आणि माझं नशीब.

आता मी असं करते. काऊज जमलं की दोन किंवा चार मिलिग्रॅम जिभेखाली. तास-दोन तासांनी बघायचं. त्रास वाढला नसेल आणि तलफ शिल्लक असेल तर पुन्हा तेवढंच. पहिल्या दिवशी बहुतेक जण आठ ते सोळापर्यंत पोचतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोळाला. फेंटानिलवाल्यांना २४ किंवा जास्तही लागतं. २४ ही कमाल मर्यादा नाही हे लेबलवर स्पष्ट करा, असं एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सुचवलं. विमा कंपनी अडली तर हे तिच्यापुढे ठेवा.

हे सगळं क्लिनिकमध्येच घडायला हवं असं नाही. पेशंटला काऊजच्या खुणा सोप्या भाषेत समजावून घरी सुरू करता येतं आणि ते सुरक्षित आहे. मी एका कागदावर लिहून देते: जांभया येतात का, नाक गळतंय का, अंगावर काटा येतो का, पाय सतत हलतात का. चारही असतील तर पहिली पट्टी. त्या दिवशी दोनदा फोन करते.

टर्कीची धास्ती असलेल्यांसाठी दुसरी वाट आहे: अगदी छोट्या डोसने सुरुवात करून, आधीचं ओपिऑइड न थांबवता, काही दिवसांत डोस चढवत नेणं. पहिल्या चार-पाच पेशंटना ती वाट अनुभवी सहकाऱ्याला विचारूनच वापरा. कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्कोच्या नॅशनल क्लिनिशियन कन्सल्टेशन सेंटरमध्ये डॉक्टरांना फोनवर फुकट सल्ला मिळतो. मी बऱ्याचदा घेतला आहे आणि कुणी कधी मूर्खात काढलं नाही.

पट्टी ठेवण्याची रीतही नीट शिकवा. तोंड आधी ओलं करायचं, पट्टी पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळलं तर औषध वाया जातं. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरून ते गिळायचं आणि दात घासायला तासभर थांबायचं. दात किडण्याबद्दल एफडीएने २०२२ मध्ये इशारा दिला आहे.

७. प्रिस्क्रिप्शन आणि फार्मसी

निदान कोड एफ११.२०. पहिलं प्रिस्क्रिप्शन मी सात दिवसांचं देते. शेड्यूल तीन असल्याने सहा महिन्यांत पाच रिफिल कायद्याने चालतात. पण सुरुवातीला पेशंटला वरचेवर भेटणं त्याच्याच फायद्याचं.

शुक्रवारी संध्याकाळी प्रिस्क्रिप्शन पाठवू नका. फार्मसीत औषध नसतं, किंवा डॉक्टर नवे म्हणून फार्मासिस्ट खातरजमा करायला थांबतो, आणि तुमचं क्लिनिक सोमवारपर्यंत बंद. त्या दोन रात्रींत पेशंट फेंटानिलकडे परततो. पेशंट खोलीत असतानाच फार्मसीला फोन लावा, औषध आहे का विचारा, तुमचा थेट नंबर द्या. मी गावातल्या दोन्ही फार्मसींत जाऊन ओळख करून घेतली. त्यानंतर अडचणी निम्म्यावर आल्या.

प्रत्येक पेशंटला नॅलॉक्सोनचा नाकातला स्प्रे द्या. चार मिलिग्रॅमचा स्प्रे मार्च २०२३ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी आहे, पण लिहून दिला तर विमा बहुधा पैसे भरतो. घरातल्या दुसऱ्या माणसाला तो वापरायला शिकवा. बेशुद्ध माणूस स्वतःला स्प्रे मारू शकत नाही.

८. दुसरी भेट, आणि पुढची वर्षं

‘आता हे किती दिवस घ्यायचं?’ पेशंट विचारतो, त्याची आई विचारते, आणि तुमच्या मनातही तो प्रश्न असतो. आपण महाराष्ट्रात वाढलो ते व्यसनमुक्ती म्हणजे सगळंच सोडणं, असं मानत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून जे काम करत आलं आहे त्याबद्दल मला अपार आदर आहे. दारूबद्दलची माझी सगळी पहिली समज तिथूनच आली. पण ओपिऑइडचं गणित वेगळं आहे. औषध सोडल्यावर बहुतेकांची नशा परतते, आणि तोवर शरीराची सवय गेलेली असते. मग जुन्याच मात्रेत जीव जातो. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून मी कालमर्यादा घालत नाही. इन्सुलिनला घालतो का आपण?

लघवीच्या चाचणीत फेंटानिल पुन्हा दिसलं तर औषध बंद करू नका. डोस कमी पडतोय का, पट्टी नीट ठेवली जाते का, घरात कुणी घेतं का, हे विचारा. रक्तातली साखर वाढलेली दिसली म्हणून मधुमेही माणसाला कुणी क्लिनिकबाहेर काढत नाही. चाचणीला ‘क्लीन’ आणि ‘डर्टी’ म्हणू नका, आपसात बोलतानाही नको. तसंच मराठीत ‘गर्दुल्ला’ म्हणायची आपल्या तोंडाला सवय असते. ती मोडायला मला वेळ लागला.

रोजची पट्टी जमत नसेल तर कातडीखाली द्यायचं ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्याचं इंजेक्शन आहे, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्य झालं. आठवड्याचं आणि महिन्याचं दुसरं एक मे २०२३ मध्ये मान्य झालं. यातलं कुठलंही चुकून शिरेत गेलं तर घातक ठरू शकतं, म्हणून ही इंजेक्शनं पेशंटच्या हाती न देता क्लिनिकमध्येच टोचतात आणि त्यासाठी फार्मसी व दवाखान्याची वेगळी नोंदणी लागते. ऑपरेशन ठरलं तर सर्जनला स्वतः फोन करा. ब्युप्रेनॉर्फिन थांबवायचं नाही, वेदनेसाठी त्यावर दुसरं औषध द्यायचं, हे पुष्कळांना अजून माहीत नसतं. गरोदर बाईचं औषधही थांबवायचं नाही.

पहिल्या महिन्यात जो पेशंट भेटीला येत नाही, त्याला त्याच दिवशी फोन करा. रिसेप्शनला सांगून ठेवा की त्याचं नाव गैरहजरांच्या यादीत जाण्याआधी तुमच्याकडे यावं. माझ्याकडे फोन लावल्यावर परत आलेले निम्म्याहून अधिक आहेत. गाडी बंद पडलेली असते, फोनचं बिल थकलेलं असतं, किंवा एकदा पाय घसरलेला असतो आणि तोंड दाखवायची लाज वाटत असते. ‘प्रिस्क्रिप्शन तयार आहे, उद्या दहाला या’ एवढं सांगितलं की ते येतात.